काळ्या मातीतलं लॉन दर पावसाळ्यात पिवळं पडतंय? आधी खाली काय चाललंय ते बघा

ऑगस्ट उजाडला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. हिरव्या लॉनमध्ये ताटाएवढे, परातीएवढे पिवळे गोल. पाठवणारा कधी पुण्याजवळच्या मांजरी गावातला मावसभाऊ, कधी वाघोलीच्या सोसायटीतली मैत्रीण. प्रश्न मात्र ठरलेला: "कुठलं खत टाकू?" गेल्या अकरा वर्षांत हडपसरच्या आमच्या अंगणात तीनदा आणि इतरांकडे पंधरा-वीस ठिकाणी मी हा बिघाड निस्तरला आहे. बहुतेक ठिकाणी खत कमी पडलेलं नव्हतं. मुळं गुदमरलेली होती.

खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने मी तपासते. फुकटात होणारं आधी, खणाखणी सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका. आमच्याकडे पहिल्या दोन्ही वेळा मी नर्सरीवाल्याच्या सल्ल्याने आख्खं लॉन उपटून तयार गवताचे नवे गालिचे अंथरले, आणि दोन्ही वेळा पुढच्या पावसाळ्यात बरोबर त्याच जागी तेच गोल उमटले. गवत नवं होतं, खालची जमीन तीच होती.

लक्षणं

यातली तीन-चार जुळली तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

- जुलैच्या मध्यापर्यंत लॉन छान, मग पिवळे गोल. दर वर्षी साधारण त्याच जागी.
- पाऊस थांबून एक दिवस उलटला तरी पाय ठेवला की पचपच आवाज येतो.
- गवत विरळ झालं तिथे जमिनीवर हिरवट-काळं शेवाळ धरतं आणि लव्हाळा मात्र जोमात वाढतो.
- ऑक्टोबरच्या उन्हात रोज पाणी घालूनही गवत सुकतं. उपटून पाहिलं तर मुळं जेमतेम इंच-दीड इंच.
- खुरप्याने चार बोटं खणलं तर माती राखाडी-निळसर दिसते आणि नासक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास आला की मला दुसरा पुरावा लागत नाही.
- मे महिन्यात त्याच जागी बोट जाईल एवढ्या भेगा.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहा-बारा अंशांवर उतरलं की हरळीच्या जातीचं गवत फिकट पडतं, वाढ थांबवतं. तो आजार नाही, फेब्रुवारीअखेर ते आपोआप सावरतं. त्या दोन महिन्यांत युरिया टाकून काहीही साधत नाही.

असं का होतं

दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, त्याचा काळा पाषाण झिजून आपली काळी माती झाली. हडपसर, मांजरी, लोणीकडे, नदीच्या अंगाला ती खोल आहे. बावधन-बाणेरच्या टेकड्यांवर पातळ, लगेच मुरूम लागतो. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यातल्या भेगा आणि पावसाळ्यातला चिखल हे एकाच स्वभावाचे दोन हंगाम आहेत. फुगली की तिच्यातली बारीक छिद्रं बंद होतात, पाणी खाली सरकत नाही आणि हवा आत शिरत नाही. पुण्यात वर्षभरात साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे वर्षाचे चार महिने मुळांची परीक्षा.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, शिरूरकडे शेती करायचे. आमचं लॉन दुसऱ्यांदा गेलं तेव्हा त्यांनी त्या जागेची मूठभर माती उचलली, दाबली आणि म्हणाले, "अगं, हिला वापसाच नाही. वापसा नसताना आम्ही रानात पायसुद्धा घालत नाही, आणि तुम्ही यावर रोलर फिरवलात." वापसा म्हणजे माती ओलीही नाही आणि कोरडीही नाही, पाणी आणि हवा दोन्ही जागेवर. पुढचं सगळं या एका शब्दाभोवती आहे.

तपासणी 1: नुसतं बघणं

खर्च शून्य. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं ते दहा मिनिटं पाहा. मला सापडलेल्या कारणांपैकी चार-पाच अशीच होती: गच्चीच्या पाइपचं पाणी थेट लॉनवर पडतं, शेजारची फरशी उतार चुकवून बसवलेली, एसीची नळी गवतात सोडलेली. पाइपला एक वाकडा जोड लावून पाणी दुसरीकडे वळवलं की काम झालं. मैत्रिणीच्या सोसायटीत एवढ्यानेच दोन गोल पुढच्या वर्षी आलेच नाहीत.

त्याच दिवशी ऊन मोजा. हरळीच्या सगळ्या जातींना, नर्सरीत 'सिलेक्शन नंबर 1' म्हणून मिळते तिलाही, दिवसाला निदान सहा तास थेट ऊन लागतं. आंब्याखाली किंवा मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली ते मिळत नाही. तिथे गवताचा हट्ट सोडा आणि सावलीत जगणारं मोंडो ग्रास लावा.

तपासणी 2: गवत ओढून बघा

पिवळ्या गोलाच्या कडेला मूठभर गवत धरून ओढा. चटईसारखं सुटून हातात आलं, तर मुळं कुणीतरी खाल्ली आहेत. खाली दोन इंच उकरा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी दिसली तर ती हुमणी. एका चौरस फुटात पाच-सहापेक्षा जास्त निघाल्या तर दोषी तीच. पहिल्या वळिवानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि मातीत अंडी घालतात. अळ्या जुलैपासून मुळं कुरतडतात. भुंगेरे त्या दिवसांत झाड हलवून, खाली पडले की वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकणं हा अजूनही सगळ्यात स्वस्त उपाय आहे. मातीसाठी मेटारायझियम बुरशीचं जैविक औषध शेणखतात मिसळून पावसाच्या सुरुवातीला द्या. ऑक्टोबरमध्ये अळी मोठी झाल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

ही तपासणी इतक्या आधी घ्यायचं कारण: हुमणी आणि साचलेलं पाणी, दोन्हींचे डाग लांबून अगदी सारखे दिसतात, उपाय मात्र पूर्ण वेगळे. गवत घट्ट धरून राहिलं आणि पानं नुसती तुटली, तर पुढे चला.

सकाळी दवात कोळिष्टकासारखे पांढरे तंतू दिसले तर बुरशी आहे. औषध आणायला धावू नका. संध्याकाळचं पाणी आणि युरिया दोन्ही बंद करा, पंधरा दिवस वाट पाहा. ओल कमी झाली की बहुतेक वेळा ती हटते.

तपासणी 3: पेचकस

घरातला लांब पेचकस घ्या. पाणी दिल्याच्या किंवा पावसाच्या दुसऱ्या दिवशी तो हिरव्या भागात खुपसा, मग पिवळ्या भागात. हाताच्या जोराने सहा इंच गेला तर माती मोकळी आहे. दोन-तीन इंचांवर अडला तर खाली थर दबलेला आहे. दगड लागला की आवाज येतो, दबलेल्या मातीत नुसता अडतो. दहा ठिकाणी खुपसून कागदावर खुणा करा. माझ्या अनुभवात हा नकाशा आणि पिवळ्या गोलांचा नकाशा जवळजवळ एकच निघतो.

पुण्यात हा थर कसा तयार होतो ते सांगते. बांधकाम चालू असताना ट्रक, मिक्सर, माणसं याच जमिनीवर वर्षभर फिरतात. मग राडारोडा तिथेच पसरून वर तीन-चार इंच लाल माती टाकतात आणि तिच्यावर लॉन अंथरतात. पहिल्या वर्षी सुंदर दिसतं. लाल मातीतून पाणी भराभर उतरतं, खालच्या दबलेल्या काळ्या मातीशी येऊन थबकतं आणि सांध्यावर तळं साचतं, वरून दिसतही नाही. मुळं तीन इंचांच्या खाली जातच नाहीत. पावसाळ्यात ती पाण्यात, ऑक्टोबरमध्ये कोरडी.

तपासणी 4: पाणी किती आणि कसं

काळ्या मातीत पाणी फार हळू मुरतं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइप धरला तर वरचा अर्धा इंच भिजतो, उरलेलं वाहून जातं, आणि मुळं त्या अर्ध्या इंचाच्या लोभाने वरच राहतात. स्टीलच्या सरळ काठाच्या चार वाट्या लॉनवर मांडा, फवारा पंधरा मिनिटं चालवा आणि पट्टीने पाणी मोजा. त्यावरून फवारा एकूण किती वेळ चालवायचा ते काढता येतं, गणित सोपं आहे. उन्हाळ्यात आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पाणी पुरतं, म्हणजे दर चौरस मीटरला 25 लिटर. हजार चौरस फुटांच्या लॉनला आठवड्याला जवळजवळ 2,300 लिटर. ते दोन दिवसांत विभागून, पहाटे द्या. प्रत्येक वेळी दहा मिनिटं चालू, अर्धा तास बंद, पुन्हा दहा मिनिटं, म्हणजे मुरायला वेळ मिळतो.

जून ते सप्टेंबर स्वयंचलित फवारा बंद ठेवा. हे वाचून कुणाला नवल वाटेल, पण पावसात फवारे चालू असलेल्या तीन सोसायट्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

बोअरचं किंवा सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं पाणी लॉनला देत असाल तर ते एकदा तपासून घ्या. त्यात सोडियम जास्त असेल तर काळी माती आणखी चिकट होते आणि पाणी मुरणं जवळपास थांबतं. पृष्ठभागावर पांढरट पापुद्रा दिसणं ही त्याची खूण.

तपासणी 5: पिवळेपणा नीट बघा

जुनी, खालची पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, सामू (pH) बहुधा 7.5 ते 8.5 च्या दरम्यान. त्यात राडारोड्याचं सिमेंट मिसळलं तर आणखी वर. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, आणि पाणी साचलं असेल तर अडचण दुप्पट.

लोहासाठी एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून पानांवर फवारा, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. फरशीवर उडालं तर तांबूस डाग पडतो, तो निघत नाही, म्हणून कडेला जुनी चादर अंथरा. हिराकस नुसताच मातीत टाकला तर चुनखडी तो अडकवून टाकते. आठवड्यात रंग परतला तर निदान बरोबर, पण ही मलमपट्टी आहे हे विसरू नका.

युरिया द्यायचाच तर 100 चौरस मीटरला एक किलो, त्याहून जास्त नाही, आणि लगेच पाणी. पचपचणाऱ्या जमिनीत तो देऊ नका. ज्या मुळांना श्वास नाही त्यांना जेवण कसं पचणार?

माती परीक्षण शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात किंवा शासनाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत करून घ्या. सामू, क्षारता आणि सोडियम, तिन्ही आकडे मागा. आकडा हातात येईपर्यंत जिप्सम टाकू नका. चोपण, म्हणजे सोडियमयुक्त जमिनीला जिप्समचा खरा फायदा होतो. बाकीच्या काळ्या मातीत कॅल्शियम मुळातच भरपूर असतं, तिथे ते पैसे शेणखतात घाला.

तपासणी 6: खड्ड्याची कसोटी

आता कुदळ. पिवळ्या गोलाच्या मधोमध एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा आणि पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा आणि काठी उभी करून तासाला किती उतरतं ते मोजा. तासाला इंचभर किंवा जास्त उतरलं तर फक्त वरचा थर मोकळा करायचा आहे. इंचापेक्षा कमी उतरलं तर पाण्याला वाट काढून द्यावीच लागेल. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर खाली राडारोडा किंवा स्लॅब आहे, असं समजून पुढचं सगळं थांबवा.

खड्ड्याची भिंतही वाचा. रंग कुठे बदलतो, मुळं कुठे थांबतात, विटांचे तुकडे कुठे लागतात. पाच मिनिटांत कळतं ते कुठल्याही फोटोवरून कळत नाही.

दुरुस्ती 1: भोकं आणि भुरभुरती माती

वरचा थर दबला असेल तर हे पुरतं. वेळ महत्त्वाची: वळिवानंतरचा जूनचा पहिला आठवडा किंवा सप्टेंबरअखेरची उघडीप, जेव्हा गवत वाढीला आहे. त्याआधी वापसा तपासा. चार इंच खालची माती मुठीत दाबून गोळा करा, अंगठ्याने टोचा. भुगा झाला तर चालू करा. चपटा होऊन बोटाला चिकटला तर चार दिवस थांबा, कारण ओल्या काळ्या मातीत काढलेल्या भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पाणी आणखीच अडतं.

पोकळ दात्यांचं यंत्र भाड्याने मिळालं तर उत्तम, ते मातीची कांडी बाहेर काढतं. नुसतं टोचणारे काटे माती बाजूला दाबतात. भारी मातीत त्याचा परिणाम थोडे दिवस टिकतो. भोकं तीन-चार इंच खोल, वीतभर अंतरावर. मग चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) समप्रमाणात मिसळून पाव इंचाचा थर झाडूने भोकांत लोटा. हजार चौरस फुटांना हे मिश्रण 21 घनफूट लागतं, म्हणजे पाव ब्रासपेक्षा (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) जरा कमी. गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. वर्षातून दोनदा, दोन-तीन वर्षं. एका वर्षात फरक दिसतो, पूर्ण सुधारायला वेळ लागतो, आणि इथेच लोक धीर सोडतात.

एक चूक इतक्या जणांनी केली आहे की वेगळी सांगते. भोकांत लोटायचं खत-वाळूचं मिश्रण वेगळं, पण काळ्या मातीत नुसती थोडी वाळू कालवून ती मोकळी होत नाही. चिकणमाती वाळूच्या कणांमध्ये घट्ट बसते आणि वाळल्यावर विटेसारखी कडक होते. सहा इंच खोलीपर्यंत खरोखर बदल घडवायचा तर मातीइतकीच वाळू लागेल, हजार चौरस फुटांना पाच ब्रास. अर्ध्या ब्रासने नुकसानच होतं. माती मोकळी करतं ते सेंद्रिय खत आणि गांडुळं.

कापणीकडेही लक्ष द्या. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका, दीड इंच ठेवा, पातं धारदार हवं. ओल्या जमिनीवर यंत्र आणि रोलर अजिबात नको.

दुरुस्ती 2: चर

खड्ड्याची कसोटी नापास झाली असेल तर हे. सखल भागाच्या कडेने एक फूट रुंद, दीड फूट खोल चर, दर दहा फुटांना सव्वा इंच उतार. उतार नजरेने ठरवू नका. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी लावा. तळाशी आणि बाजूंना जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), त्यावर थोडी खडी, भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप, पुन्हा 20 मिलिमीटरची खडी, कापड गुंडाळून वर माती आणि गवत. कापड नसेल तर बारीक चिकणमाती खडीत शिरून दोन-तीन पावसाळ्यांत चर बंद करते. आमच्याकडे कापडावर पैसे वाचवायला ठेकेदाराने सुचवलं होतं. आप्पांनी ऐकलं नाही, आणि तो चर आज सातव्या वर्षीही वाहतो. पाणी पर्जन्यजल संधारणाच्या खड्ड्यात किंवा खालच्या अंगाला सोडा, सांडपाण्याच्या चेंबरमध्ये नाही. मुसळधार पावसात चेंबर तुंबतं आणि तेच पाणी उलटं लॉनमध्ये येतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

लॉन पार्किंगच्या स्लॅबवर असेल तर पहार, कुदळ, यंत्र, काहीही चालवू नका. खाली फूटभर माती आणि मग वॉटरप्रूफिंग असतं. एक घाव पडला तर गळती खालच्या गाड्यांवर. तिथे पाणी बाहेर जाण्याच्या तोट्या बुजल्या आहेत का, हे वॉटरप्रूफिंगचं काम करणाऱ्यालाच तपासू द्या.

पाणी घराच्या पायाशी साचत असेल, किंवा लॉनलगतच्या भिंतीला तिरक्या भेगा असतील, तर लॉन विसरा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीत पायालगत चर खणणं हे अनुभवी माणसाचंच काम.

बागेतल्या दिव्यांची केबल कुठून गेली आहे हे माहीत नसेल तर खणण्याआधी इलेक्ट्रिशियन. खड्ड्यात सांडपाण्याचा वास आला तर प्लंबर. आणि हुमणीसाठी कुणी जहाल कीटकनाशक सुचवत असेल, मुलं त्या गवतावर खेळत असतील, तर कृषी अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय बाटली उघडू नका.

माणूस बोलावलात की त्याला सांगायची पहिली गोष्ट ही: "आधी खड्डा घेऊन दाखवा, मग लॉनचा दर सांगा." खड्डा न घेता जो गालिच्याचा भाव काढतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.